दप्तराचा रुमाल आणि कुंकवाचा ठिपका

मी एक जुना लाल रुमाल आहे. खिशात घडी करून ठेवतात तो नव्हे हं, माझ्यात एखादं तान्हं मूल सहज झोपेल एवढा मी मोठा आहे. सुरतेतल्या एका कोर्टाच्या दप्तरखान्यात, म्हणजे निकाल लागलेल्या खटल्यांचे कागद ठेवतात त्या खोलीत, मी राहतो. कागदांचा गठ्ठा माझ्यात ठेवायचा, माझी चारी टोकं ओढून गाठ मारायची आणि मला फळीवर सरकवायचं. धूळ, ओल आणि वाळवी यांपासून कागदांना राखणं, हे माझं काम.

मित्रांनो, माझा जन्म सुरतेतल्याच लिंबायत भागातला. तिथल्या एका कारखान्यात मागावर मला विणलं. माग चालवणारे सगळे खानदेशातले. ते आपसात अहिराणी बोलत. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसायची तेव्हा तिच्या रोटांच्या, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांच्या, गोष्टी मागाच्या खडखडाटावर आवाज चढवून सांगत. ती बोली माझ्या धाग्याधाग्यात मुरली. मग रंगाऱ्यानं मला लाल रंगात बुडवलं आणि मी कोर्टात आलो.

सुरुवातीला माझा फार मान होता. दप्तरखान्याचे कारकून जयंतभाई माझी गाठ मारून वर हात फिरवायचे आणि शिपाई लोटूला म्हणायचे, "गाठ बघ. नव्या नवरीच्या शालूलाही अशी कोणी मारत नाही."

एके दिवशी त्यांनी माझ्यात सरलाबाईंचे कागद ठेवले. सरलाबाईंचे यजमान सुकलाल लिंबायतच्या मागावरच काम करायचे. ते वारले आणि राहती खोली कोणाच्या नावावर व्हायची यावरून दिराशी वाद झाला. खटला चालला आणि खोली सरलाबाईंची झाली. त्या कागदांत त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स होती. फोटोतल्या गालावर कुंकवाचा एक ठिपका होता.

जयंतभाईंना हसू आलं. "लोटू, या मावशींनी स्वतःच्या फोटोला तीट लावलीय."

"लावणारच, साहेब. कोर्टाची नजर काय साधी असते?"

खरं म्हणजे सरलाबाईंनी अर्ज देण्याआधी सगळे कागद घरातल्या कानबाईपुढे ठेवले होते. देवीला कुंकू वाहताना बोट टेकलं, ते नेमकं फोटोवर. देवीचं कुंकू पुसायचं कसं, म्हणून कागद तसाच कोर्टात गेला.

नंतर कॉम्प्युटर आले. माझी गाठ क्वचितच सुटू लागली आणि माझ्यावर धूळ बसली. एकदा मात्र एक अनोळखी माणूस अर्ज देऊन आला. कोर्टाचे कागद बघायची कोणालाही मुभा असते. न्याय उघड्यावर व्हावा म्हणून ती असते, आणि ते चांगलंच आहे. पण हा माणूस निकाल वाचेना. नुसती आधारची पानं शोधून भराभर मोबाइलवर फोटो काढत होता. जयंतभाई दारात कोणाशी तरी बोलत होते. मी कापड. गाठ सुटल्यावर मी काय करणार?

दुसऱ्या वर्षी सरलाबाई दप्तरखान्यात आल्या. सोबत त्यांची मुलगी हर्षदा होती. सरलाबाईंचा आवाज इतका बारीक झाला होता की जयंतभाईंना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"भाऊ, आपल्या सुरतेतच पर्वत पाटिया भागात माझं साड्यांचं दुकान आहे म्हणे. मालाचा कर भरला नाही म्हणून नोटीस आलीय. भरला नाही तर खोलीवर जप्ती येईल."

"दुकान कधी काढलंत, मावशी?"

"मी कसलं काढते? साडीला फॉल लावून देते मी."

हर्षदानं एक कागद पुढे केला. "दुकान काढताना हा आधार दिला होता म्हणतात. कर ऑफिसातून प्रत घेऊन आले. ते म्हणतात, कागद तुमचा, फोटो तुमचा, मग दुकान दुसऱ्या कोणाचं? आईनं मात्र घरी बघितलं नि एकदम म्हणाली, चल कोर्टात."

सरलाबाईंनी फोटोतल्या गालावर बोट ठेवलं. काळ्या-पांढऱ्या प्रतीत तिथे एक काळा ठिपका उमटला होता. बारीक आवाजात त्या म्हणाल्या, "हाऊ मन्ही कानबाईना कुंकूना ठिपका शे."

मित्रांनो, किती वर्षांनी ती बोली माझ्या कानी पडली! लोटूनं मला फळीवरून उतरवलं, झटकलं, गाठ सोडली. आतून तो कागद निघाला. त्याच गालावर, त्याच जागी, लाल ठिपका. चोरानं फोटोतून कोर्टाचा शिक्का आणि पानाचा आकडा कापून टाकला होता. गालावरचा ठिपका त्याला डाग वाटला असावा.

जयंतभाई खुर्चीत बसले. "मावशी, हा कागद दुकान निघायच्या कितीतरी आधीपासून आमच्या ताब्यात आहे. तुम्ही तो देणार कुठून? हे मी न्यायाधीश साहेबांकडून लिहून घेऊन देतो."

"देवीनं राखलं," सरलाबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले.

ते लिहिलेलं पत्र कर ऑफिसात पोचलं. दुकान खोटं ठरलं आणि नोटीस मागे घेतली गेली. खोली सरलाबाईंचीच राहिली. आधारचे फोटो काढून नेणारा तो माणूस अजून सापडलेला नाही, पोलीस शोधताहेत. पण जयंतभाई स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी साहेबांची परवानगी काढली. आता कोणी कागद बघायला आलं की आधी आधारचा आकडा, फोटो आणि सही यांवर कोऱ्या कागदाची पट्टी चढते. निकाल सगळ्यांनी खुशाल वाचावा. कोणाच्या घराची किल्ली मात्र कोणाच्या हाती पडू नये.

श्रावणात सरलाबाई रोटाचा प्रसाद घेऊन आल्या. जाताना त्यांनी माझ्या एका टोकाला कुंकू लावलं.

लोटू म्हणाला, "मावशी, आधीच लाल आहे तो. दिसायचं कसं?"

"ज्याला लावलं त्याला कळतं," त्या म्हणाल्या.

मला कळलं, मित्रांनो. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. घरातल्या मोठ्यांची झेरॉक्स कुठे द्यायची असेल, तर ती कशासाठी दिली ते तिच्यावर आडवं लिहायला सांगा. रस्त्यात कोणाची अशी झेरॉक्स पडलेली दिसली, तर तिची होडी किंवा पुडी करू नका, फाडून बारीक तुकडे करा. कागदावर कोणाचं तरी नाव असतं आणि त्या नावामागे कोणाची तरी खोली असते. तेवढं सांभाळलंत, तर माझ्या फळीवरची अर्धी राखण तुम्हीच केलीत, असं मी समजेन.