चूळ भरेपर्यंत

माझे सासरे, म्हणजे दादा, चातुर्मासात जेवताना मौन धरणार म्हणाले तेव्हा घरात सगळ्यात जास्त मी हसले. शहरात द्वारका चौकात तांदळाचं दुकान चालवण्यात त्यांचा जन्म गेलेला. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि ताटावर बसले की उरलेलं सगळं आमच्यावर काढायचे. भाजी अळणी, भात गिचका, पोळीचं चामडं. एकदा आमटीची वाटी थेट भिंतीवर गेली होती. तो डाग रंग दिल्यावरही दिसतो.

घोटीला, त्यांच्या गावी, सप्ताह होता. तिथे कीर्तनकार महाराज म्हणाले म्हणे, "पोटाचा उपास सगळेच करतात. एकदा जिभेचा करून बघा. तिला चवही लागते आणि बोलायलाही लागतं, अन् दोन्हीकडे तिला लगाम नाही." ते दादांना लागलं. घरी येऊन ते आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, म्हणाले, "सिंधू, आषाढीपास्नं कार्तिकीपर्यंत ताटावर बोलायचं नाय. चूळ भरली का मग बोलायचं."

"नव्याचे नऊ दिवस," मी महेशच्या, माझ्या नवऱ्याच्या, कानात म्हणाले.

पण त्यांनी ते पाळलं. सुरुवातीला मीठ कमी पडलं की नुसते डोळे वटारायचे. मग तेही थांबलं. आणि एक दिवस मी पाहिलं, आई त्यांच्या शेजारी बसून गरम पोळी खात होत्या. इतकी वर्षं त्या सगळ्यांच्या मागून, उभ्या उभ्या, कशाबशा जेवायच्या. मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. देवाधर्माचं मला फारसं नाही, पण माणूस स्वतःच स्वतःला वेसण घालतो म्हणजे काय, ते मी तेव्हा पाहिलं.

त्या मौनाची राखण दादांपेक्षा आईच जास्त करायच्या. कुणी काही विचारलं की, "विचारू नका त्यांना, मौन मोडंल." उद्यापनाला देवळात द्यायची म्हणून भांडी बाजारातून पितळी घंटासुद्धा आणून ठेवली होती.

श्रावणातला सोमवार. उपास सोडायला सगळे लवकर बसलो. मी दादांच्या समोर होते. त्यांच्या हातातून वरणाची वाटी सुटली आणि मांडीवर सांडली. त्यांनी हात झटकलासुद्धा नाही. मी विचारलं, "दादा, भाजलं का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. तोंड उघडलं आणि घशातून काहीतरी आलं. "अं... अं..."

आईंनी ओठांवर बोट ठेवलं. "अहो, जरा दम धरा. चूळ भरेपर्यंत."

ते गप्प बसले. आम्ही जेवलो. केवढी निष्ठा, असं महेश कौतुकाने म्हणालाही. आम्ही ताटं उचलली तरी ते बसूनच होते. आईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तेव्हा पाणी त्यांच्या ओठाच्या एका कोपऱ्यातून खाली गळलं. तेव्हा कळलं.

मेंदूत गुठळी झाली होती. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी विचारलं, "बोलणं बंद झालं तेव्हा तुमच्या लक्षात नाही आलं?"

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मी डबे भरले, कपडे धुतले, महेश दुकानात गेला आणि आला. रडलं कुणीच नाही. आईंनी देवापुढे दिवा लावणं सोडलं. घंटा माळ्यावर टाकली. दादांना भरवायचं काम त्या करायच्या, पण त्यांच्याकडे न बघता. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "त्यांना कायतरी सांगायचं होतं गं. म्या गप केलं."

त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी तोंडावर म्हणाले असते, की हो, तुम्हीच केलंत, तुमच्या त्या मौनाने केलं. माझ्या जिभेला हाड नाही, माहेरी सगळे हेच म्हणतात. त्यांना मात्र मी ते रोज मनातल्या मनात म्हणत होते. आईंना एकच गोष्ट हवी होती. दादांनी बोलावं आणि त्या दिवशी काय सांगायचं होतं ते सांगावं, मग ती शिवी का असेना.

बोलायचा सराव करून घ्यायला पल्लवीताई यायच्या. दिवाळीच्या आसपास दादांचा पहिला शब्द आला, "पाणी." मग "नको." मग "शिंधू." सगळे शब्द वाकडे, पण आले. पल्लवीताई खूश झाल्या. "आता जेवताना बोलायला लावा," म्हणाल्या. "भूक असली की शब्द लवकर येतात. काय हवं ते मागू द्या, मगच वाढा."

दुपारी सगळे बसलो. दादा डाव्या हातात चमचा धरून. मी भाताचं भांडं पुढे केलं. "दादा, काय वाढू?"

काही नाही.

"दादा, भात म्हणा. भा-त." महेशने ओठ हलवून दाखवले.

दादांनी मान खाली घातली. सकाळी याच माणसाने "चहा" मागितला होता. महेशच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "पुन्हा झटका आला! उज्वला, गाडीची चावी दे!" आई भिंतीला टेकल्या आणि खालीच बसल्या. मी चावी शोधायला उठले. महेश दादांच्या काखेत हात घालून त्यांना उचलायला लागला.

दादांनी डाव्या कोपराने त्याला असं ढकललं की तो मागे सरकला. मग त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला, चूळ भरली, ताटातच टाकली आणि पूर्वीसारखे डोळे वटारून आमच्याकडे पाहिलं.

"मौन," ते म्हणाले.

कार्तिकी यायची होती. त्यांचा चातुर्मास अजून चालू होता. आमचा कधीच संपला होता.

चावी माझ्या हातात तशीच राहिली. वाचा गेली म्हणून ते इतके दिवस गप्प होते. ती परत आली, तेव्हा त्यांनी आपणहून पुन्हा तोंड मिटलं. मला हसू आलं.

मी त्यांना दुसरं ताट वाढलं, पण त्यांनी ते लगेच ओढलं नाही. आई सरकत त्यांच्यापाशी गेल्या. श्रावणापासून पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाल्या, "त्या सोमवारी काय सांगायचं व्हतं हो? म्या गप केलं तुम्हाला."

दादांना वेळ लागला. शब्द त्यांना अजून हाताने ओढून आणावे लागत होते. त्यांनी डावा हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"मी," ते म्हणाले. "मी... गप. माझं... मौन."

"म्हंजे म्या नाय केलं?"

त्यांनी मान हलवली. तू नाही.

आई पदर तोंडात कोंबून रडल्या. त्या घरात तेव्हा कुठे कुणी रडलं.

दादा म्हणाले ते खोटं होतं. मी त्या दिवशी समोर बसले होते. घशातून आलेला तो आवाज मी ऐकला होता, त्या बोटाकडे बघून त्यांनी तोंड मिटलेलंही पाहिलं होतं. दादांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत आहे, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी ताट पुढे ओढलं आणि चमचा उचलला.

शब्द अगदी माझ्या ओठांवर आले होते. मी ताटावर बसले, भाताचा घास घेतला आणि चूळ भरेपर्यंत काही बोलले नाही. नंतरही नाही.