बटनाले हात लावू नको

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. माझ्या जाळीला एका बाजूने पोचा आला आहे आणि वायरीला जागोजागी काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. रायपूरच्या गुढियारीत विनायकभाऊंचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. माझं सारं आयुष्य तिथेच गेलं.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते विनायकभाऊंनी माझ्यात घातलेली पहिली फुंकर आणि ‘हॅलो, हॅलो, चेक’. त्यानंतर मी पुष्कळ ऐकलं. लग्नातली मंगलाष्टकं, मराठी मंडळाच्या गणपतीतल्या आरत्या, बारशाची गाणी, पुढाऱ्यांची भाषणं. लोक म्हणायचे, “भाऊ, तुमचा माईक साफ बोलते.” मला त्याचा अभिमान होता. आपल्यापाशी जो आवाज येतो तो आपण जसाच्या तसा पुढे पोचवतो, असं मी समजत होतो.

विनायकभाऊंचे वडील रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरकडून इकडे आले. भनपुरीच्या पुढे एका खेड्यात त्यांनी घर बांधलं. विनायकभाऊ अजून तिथेच राहतात आणि रोज स्कूटरने दुकानात येतात. घरात त्यांची धाकटी बहीण आहे, वनमालाताई. जन्मापासून तिचे हातपाय ताठरतात. ती डुलत चालते आणि तिचे शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडतात. ऐकणाऱ्याला सवय नसेल तर चटकन कळत नाहीत. लहानपणापासून विनायकभाऊच तिच्या वतीने बोलत आले. दुकानदाराशी, मास्तरांशी, डॉक्टरांशी. “तिले असं म्हणायचं आहे,” हे वाक्य त्यांच्या जिभेवर कायमचं होतं. त्यात माया होती, यात शंका नाही.

त्या गावात वनमालाताईसारखी आणखीही माणसं होती. तीनचाकी सायकलवर फिरणारा समारू होता, डोळ्यांनी न दिसणारी गोदावरी होती, आणि इतरही काही होते. धान्य मिळायच्या दिवशी ही सगळी रेशन दुकानाजवळच्या कडुनिंबाखाली भेटत. रस्ता खड्ड्यांचा होता. समारूची सायकल अडकली की कोणीतरी ढकलायचं, पण तो यायचाच. यांना धान्य घरीच द्या, असं गावात काही जण म्हणायचे. तिथे बसून त्यांनी आपला एक गट केला. ग्रामसभेत आपलं म्हणणं आपणच मांडायचं, असं ठरलं. बोलायचं काम सगळ्यांनी वनमालाताईवर सोपवलं, कारण विचार करून बोलणारी तीच होती.

ग्रामसभेला मी गेलो होतो. पंचायतीसमोर मंडप होता. विनायकभाऊ मशीनपाशी बसले होते. वनमालाताईने मला दोन्ही हातांनी धरलं. तिचं बोलणं ठरलेलं होतं. ती म्हणाली, “आम्हाला घरी रेशन नको. रस्ता नीट करा. पंचायतीच्या पायऱ्यांना उतार करा. आम्हाला यायचं आहे.” हे ती छत्तीसगढीत सांगत होती, तुटक तुटक, श्वास घेत.

मागे कोणी हसलं. मग आणखी काही जण हसले. एक जण तिची नक्कल करू लागला.

विनायकभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी व्हॉल्यूमचं बटन शून्यावर आणलं. वनमालाताईला ते कळलं नाही. ती बोलतच राहिली. तिचे शब्द माझ्यापर्यंत येत होते आणि माझ्यातच मरत होते. मग विनायकभाऊ उठले, मला तिच्या हातून घेतलं, मशीनचं बटन पुन्हा वर केलं आणि मला जोडल्या हातांत धरून म्हणाले, “ये लोग बिचारे आ-जा नहीं सकते. इनका राशन घर पहुँचा दिया जाए, इतनी ही विनती है.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचबाईंनी लगेच होकार दिला. वनमालाताई रिकाम्या हातांनी तशीच उभी होती.

घरी परतताना मी स्कूटरला लटकवलेल्या पिशवीत होतो. ताई मागे बसली होती. तिने विचारलं, “दादा, तू काहून मधात आला?”

“तुले हसून राहिले होते. मले पाहवलं नाही.”

“हसू द्यायचं होतं. हसणं झालं असतं, मंग आयकलं असतं. मी बोलून राहिली होती ना.”

विनायकभाऊ खड्डे चुकवत स्कूटर चालवत राहिले.

रेशन घरी येऊ लागलं. सुरुवातीला सगळ्यांना बरं वाटलं. पण रस्ता पंचायतीच्या कामांच्या यादीतून गळला. धान्य घरी मिळतं, मग रस्ता कशाला, असं पंचायतीत म्हणू लागले. घरचे लोकही म्हणू लागले, बाहेर पडायची गरजच काय? कडुनिंबाखाली कोणी येईना. गोदावरी घरात बसली. समारूच्या भावाने त्याची सायकल धानाची पोती वाहायला घेतली.

वनमालाताई दारोदार जाऊन पुन्हा माणसं जमवू लागली. संध्याकाळी ती धुळीने माखून घरी यायची. विनायकभाऊ तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवायचे आणि मान खाली घालून बसायचे. दुकानात मला पुसताना त्यांचा हात मध्येच थांबायचा. मित्रांनो, मलाही वाईट वाटायचं. तिचं खरं बोलणं माझ्याजवळ होतं, आणि मला ते कोणालाच सांगता येत नव्हतं.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी विनायकभाऊ ताईला म्हणाले, “मी नाही येत. दुसऱ्याचा माईक लाव.”

“ये,” ताई म्हणाली. “पण बटनाले हात लावू नको.”

ते आले. बटन पूर्ण फिरवून ठेवलं आणि हात मांडीखाली घेऊन बसले. ताई बोलू लागली. पुन्हा हसू आलं. “समझ नहीं आया,” कोणी ओरडलं. ताईने तेच वाक्य परत सांगितलं. पुन्हा सांगितलं. हसणं विरत गेलं. तेवढ्यात सरपंचबाई विनायकभाऊंकडे वळल्या. “भैया, आप ही बता दीजिए, दीदी क्या बोल रही हैं.”

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. ताईही बघत होती.

विनायकभाऊ म्हणाले, “उन्हीं से पूछिए.”

सरपंचबाई ताईकडे वळल्या. ताईने श्वास घेतला आणि सावकाश बोलली. ज्याला घरी रेशन हवं त्याला घरी द्या, ज्याला यायचं आहे त्याला रस्ता द्या. पुढे बसलेल्या गोदावरीने मान डोलावली. “हव, समझ गेंव.” हो, समजलं. मग ताई म्हणाली की मागच्या वेळी भावाने जे मागितलं, ते आमचं मागणं नव्हतं. ते मी साऱ्या गावाला ऐकवलं. विनायकभाऊंनी डोळे मिटून घेतले, पण जागचे हलले नाहीत.

पंचायतीच्या पायऱ्यांना उतार झाला. रस्ता रेशन दुकानाच्या थोडा अलीकडे येऊन थांबला आहे, बाकीच्यासाठी गटाची खटपट चालू आहे. समारू मात्र कडुनिंबाखाली परत आला नाही. विनायकभाऊंनी त्याची सायकल सोडवून आणली, स्वतः दुरुस्त केली. समारू नुसता म्हणाला, “अब घर म बने लागथे.” आता घरातच बरं वाटतं.

मित्रांनो, आता माझी जागा नव्या, बिनवायरीच्या माईकने घेतली आहे आणि मी विनायकभाऊंच्या पिशवीत पडून असतो. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कोणाचं बोलणं उशिरा उमजत असेल, तर त्याच्याऐवजी बोलायला धावू नका. थोडं थांबा. तुमची माया खरी असली तरी थांबा. त्या मायेनेच एका माणसाचं दार बंद झालेलं मी पाहिलं आहे.

विनायकभाऊ हल्ली दुकानातून परतताना समारूच्या ओट्यावर बसतात. चल म्हणत नाहीत. नुसतं विचारतात, “समारू, तोला का चाही?” तुला काय हवं?

समारू अजून काही बोललेला नाही. विनायकभाऊ बसून राहतात.