कटिंग टेबलावरची रेकी

"माझी सून रेकी देते," असं मी शेजारणीला सांगितलं, तेव्हा तिने विचारलं, "देते ते ठीक, पण परत कधी मागते?" मी हसले नाही. घरच्या माणसाची थट्टा करायचा हक्क घरच्यांचा असतो, आणि तो मी आधीच पुरेपूर बजावत होते.

डोळ्यांनी दगा दिल्यावर मी शिवणकाम बंद केलं. खोली रिकामी पडली होती. तिथल्या लांबलचक कटिंग टेबलाचे पाय आमच्या ह्यांनी कापून बुटके केले, वर फोम बसवला, आणि मी म्हटलं, "झाला सूनबाईंचा दवाखाना."

"दवाखाना म्हणू नका, आई. मी डॉक्टर नाही."

"बरं बाई, खोली म्हणते."

माझा या प्रकारावर काडीचाही विश्वास नव्हता. तरी खोली दिली, त्याला कारण होतं. तिची आई आजारपणात गेली आणि ही पोर मिटूनच गेली. कामावर जाईना, कोणाशी बोलेना, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. माझा मुलगा दाराशी उभा राहून नुसता बघायचा. मग हॉस्पिटलात आईच्या शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला रेकी द्यायला येणाऱ्या बाईंकडे ती शिकायला जाऊ लागली आणि हळूहळू माणसात आली. आज ती पहिल्यांदा चार लोकांपुढे उभी राहून बोलणार होती. लोक हसले तर ही पुन्हा त्या भिंतीकडे वळेल, ही भीती मला सकाळपासून सोडत नव्हती.

आले तेही चारच. बसचे एक निवृत्त ड्रायव्हर, कमरेला पट्टा लावलेले. कोपऱ्यावरच्या पार्लरवाल्या बाई. आणि एक बँकेतले साहेब, सोबत त्यांची बायको. साहेब हाताची घडी घालून बसले होते, म्हणजे ते परीक्षा घ्यायला आले होते.

सून सुरुवातीला अडखळली, पण बोलली मात्र सरळ.

"रेकी ही जपानमधून आलेली पद्धत आहे. अंगातले कपडे काढायचे नाहीत, नुसतं आडवं पडायचं. मी डोक्यावर, खांद्यावर, पोटावर हलकेच हात ठेवते. चोळत नाही, दाबत नाही. हात लावलेला नको असेल तर वरच धरते. आधी विचारल्याशिवाय हात ठेवत नाही."

"आणि त्याने होतं काय?" साहेबांनी विचारलं.

"शिकवणारे म्हणतात, ऊर्जा वाहते. ती मोजून दाखवता येत नाही, मीही दाखवू शकणार नाही. पुष्कळांना शांत वाटतं, झोप लागते. कोणाला ऊब जाणवते, कोणाला काहीच नाही. आजार बरा होईल असं मी म्हणणार नाही, आणि औषधं चालू ठेवायची, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाहीत."

मी मनात म्हटलं, अगं, असं दुकान मांडतात का? मी ब्लाउज शिवताना "बसला तर बसला" असं सांगितलं असतं तर एक गिऱ्हाईक टिकलं नसतं.

आधी ड्रायव्हर आडवे झाले. "हात ठेवू का, काका?" तिने विचारलं. ते हो म्हणाले. थोड्या वेळाने ते डोळे मिटूनच म्हणाले, "कमरेत ऊब येतेय हो. आतून येतेय."

सगळे खुर्च्यांवर पुढे सरकले. नंतर पार्लरवाल्या बाई झोपल्या. त्यांनाही पाठीतून ऊब चढली. साहेबांच्या हाताची घडी सुटली. आणि सुनेच्या चेहऱ्याकडे तर मला बघवेना, इतकी ती उजळली होती. तिचे डोळे भरून आले होते.

"आता गोळ्यांची कटकट गेली," ड्रायव्हर म्हणाले. "आजपासून बंद."

"नको काका, गोळ्या घेत राहा," ती म्हणाली. पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते.

पुढच्या माणसासाठी चादर नीट करायला मी उठले. हात टेबलावर ठेवला तर फोम गरम. चादरीखाली माझंच पाठ शेकायचं हीटिंग पॅड. त्याची वायर पडद्यामागून बटणापर्यंत गेलेली. मी दाराकडे पाहिलं. आमचे हे तिथे उभे राहून कौतुकाने हसत होते. सारी हयात कारखान्यात बॉयलरवर काढलेला माणूस. थंडी पडली की घरातल्या मांजरालाही शेकायला निघतो. लोकांना गार टेबलावर कसं झोपवायचं, म्हणून कोणाला न सांगता त्यांनी सोय केली होती. करायला गेले काय आणि झालं काय!

चहाच्या निमित्ताने मी सुनेला आत नेलं आणि सांगितलं. ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"आई, मला खरंच वाटलं होतं," एवढंच म्हणाली.

माझ्या काळजाचं पाणी झालं. गिऱ्हाइकाला कधी सुतभर फसवलं नाही मी, पण त्या क्षणी सगळ्या गावाला फसवायला तयार होते. "कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं. "पॅड मी गुपचूप काढते. जाऊ दे."

"आणि काका गोळ्या बंद करतील त्याचं काय?"

ती बाहेर गेली. तिने स्वतः चादर उचलली, पॅड सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "तुम्हाला जी ऊब लागली ती याची होती. मला माहीत नव्हतं. पण माझ्या खोलीत झालं, म्हणजे चूक माझी."

हे दारातच मान खाली घालून उभे राहिले. साहेब उठले. "शेवटी पितळ उघडं पडलंच," असं बायकोला ऐकू जाईल एवढ्यापेक्षा मोठ्याने म्हणाले आणि तिला घेऊन निघून गेले. पार्लरवाल्या बाई पर्सची चेन उघडझाक करत बसल्या. ड्रायव्हरनी वाकून, कण्हत बूट घालायला घेतले.

सून त्यांच्यासमोर खाली बसली. "काका, रागवा माझ्यावर. पण गोळ्या बंद करू नका. तेवढं कबूल करा."

त्यांनी घातलेला एक बूट परत काढला. "ती वायर काढा," ते म्हणाले, "आणि ठेवा हात. बघू तरी."

तिने पॅड बाजूला केलं. पुन्हा विचारलं, मग हात ठेवले. एखाद्या देवभोळ्या बाईने कधी केला नसेल एवढा नवस मी त्या वेळी मनात केला.

"काही वाटतंय?" शेवटी तिने विचारलं.

"काही नाही," ड्रायव्हर म्हणाले. "दुखतंय तसंच दुखतंय."

तिने हात उचलायला घेतले.

"राहू दे, पोरी," ते म्हणाले. "बायको जाऊन चार वर्षं झाली. तपासायला म्हणून सगळे हात लावतात. असा कोणी ठेवत नाही. राहू दे थोडा वेळ. गोळ्या घेईन मी. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा येईन, चालेल ना?"

"चालेल," ती म्हणाली. तिने हात तिथेच ठेवले. पार्लरवाल्या बाईंनी पर्स खाली ठेवली.

सुनेने मान न वळवता मला हुकूम सोडला, "आई, काकांच्या पायांवर चादर घाला आणि ती खिडकी लावा."

सुनेच्या हुकमाने मी जन्मात जागची हलले नव्हते. उठले.