उपरण्याचा आडोसा

सिरसाळ्याच्या पेठेत मन्मथप्पांचं कापडाचं दुकान आहे आणि त्यांच्या घरात एक रीत आहे. बापासमोर आपलं पोर उचलायचं नाही. बायकोशी हसून बोलायचं नाही हे तर झालंच, पण पोरालाही हात लावायचा नाही. थोरला योगीराज या रीतीचा अगदी आदर्श नमुना. त्याचा मुलगा एकदा दुकानाच्या ओट्यावरून खाली आपटला, ओठ फुटला, आणि योगीराज हातात कापड मोजायचा गज धरून तसाच उभा राहिला, कारण मन्मथप्पा, म्हणजे आप्पा, गादीवर बसले होते. आतून वहिनी धावत येईपर्यंत पोर मातीत पडून रडत होतं. गाव म्हणालं, वळण असावं तर असं. धाकट्या बसवेश्वरला मात्र तेव्हा भावाची चीड आली होती. आपल्याला लेकरू झालं की आपण असं वागायचं नाही, असं त्यानं ठरवून टाकलं. ठरवायला कुणाच्या बापाचं काय जातं?

त्याची बायको शिवानी अंबाजोगाईच्या एका दवाखान्यात बाळंत झाली. सिझर करावं लागलं. मुलगी झाली. तिच्या रक्तातली साखर कमी भरली म्हणून तिला खालच्या मजल्यावर बाळांच्या खोलीत ठेवलं, आणि शिवानी वरच्या मजल्यावर सलाईन लावून पडलेली. साखर तपासायची म्हणजे बाळाच्या टाचेत सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि तोही पुन्हा पुन्हा. पहिल्यांदा टोचलं तेव्हा बसवेश्वर जिन्यात उभा होता. तिथंही त्याला ते रडणं ऐकू आलं आणि त्यानं कठडा घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायली सिस्टरनं त्याला आत बोलावलं.

"भाऊ, सदरा काढा."

"कावून?"

"पोरीला छातीशी घ्यायचं हाय. आई असती तर पाजता पाजता टोचलं असतं, लेकराला दुखल्यालं लई जाणवत न्हाई. आई वर पडलीय, मग बापाचं अंग. ह्याला काही औषध लागत न्हाई."

बसवेश्वरनं बटणं काढली. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. "हे आमी काढत न्हाई," तो म्हणाला.

"कोण काढा म्हणतंय? खांद्याकडं सरकवा, गार लागंल तिला."

नुसत्या लंगोटातली पोरगी सिस्टरनं त्याच्या उघड्या छातीवर ठेवली आणि वरून दुपटं घातलं. ती थोडी वळवळली, मग तिचा कान त्याच्या काळजावर टेकला आणि ती निवांत झाली. तिच्या इवल्या मुठीत लिंगाचा दोरा सापडला होता. सिस्टर घाई न करता थांबली. मग टोचलं. पाय जरा हलला, बारीक हुंकार आला, बस्स.

"झालं?" बसवेश्वरनं विचारलं.

"झालं की."

इतकं साधं होतं हे. त्याला शिवानीला जाऊन सांगायची घाई झाली. वर जाता जाताच त्यानं घरी आई महानंदाला फोन लावला. "सुई टोचली तरी रडली न्हाई," तो म्हणाला. का रडली नाही, ते मात्र बोलला नाही. फोनमध्ये मागून आप्पांचा गिऱ्हाइकाशी बोलल्याचा आवाज येत होता.

दुपारी आप्पाच आले. बरोबर पेठेतले दोन व्यापारी होते, नात बघायला. तिघं खोलीच्या काचेच्या दारापाशी उभे राहिले. तेवढ्यात सिस्टरनं दार उघडून बसवेश्वरला हाक मारली. "या भाऊ, वेळ झाली."

बसवेश्वरचा हात सदऱ्याच्या पहिल्या बटणापर्यंत गेला. मग त्याला पाठीमागं आप्पांचं खाकरणं ऐकू आलं.

"मला न्हाई जमत ते," तो म्हणाला. "तुमीच घ्या."

"सकाळी तर..."

"घ्या ना सिस्टर तुमी."

सिस्टरनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं आणि दार लावून घेतलं. तिला एकटीलाच सगळं करायचं होतं. पोरीला टेबलावर ठेवून तिनं एका हातानं पाय धरला आणि टोचलं. पोरीचा चेहरा काळानिळा झाला, तोंड उघडलं, आणि मग आवाज फुटला. काचेतूनही तो सगळ्या व्हरांड्यात भरला.

"आवाज खणखणीत हाय बरं का," एक व्यापारी कौतुकानं म्हणाला.

"तुझी आई तर सांगत होती, रडत न्हाई म्हणून," आप्पा म्हणाले.

"भूक लागली असंल."

एक खोटं बोललं की त्याला टेकू द्यायला दुसरं लागतंच. बसवेश्वरला स्वतःची किळस आली. इतकी वर्षं तो मनातल्या मनात योगीराजला नावं ठेवत होता. पण योगीराजच्या पोराला तर आधीच लागून गेलं होतं. इथं सुई लागायच्या आधीच बसवेश्वरला सगळं ठाऊक होतं. दुखू द्यायचं की नाही, हे याच्या हातात होतं, आणि यानं हात मागं घेतला. शरमेनं त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काचेकडं बघवेना, आणि आप्पांकडंही.

दार पुन्हा उघडलं. "पाय झाडला तिनं, थेंब पुसून गेला," सिस्टर म्हणाली. "मशिननं काहीच दाखवलं न्हाई. परत टोचावं लागंल."

"मग कुणीतरी धरा की तिला," आप्पा म्हणाले.

"धरणारा हितंच उभा हाय. सकाळी ह्यांनीच छातीशी धरली होती, उघड्या अंगानं. हूं का चूं केलं न्हाई पोरीनं. आता म्हणतात जमत न्हाई."

व्यापारी एकदम भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचू लागले. बसवेश्वर फरशीकडं बघत राहिला. आता आप्पा काय बोलतील, याची तो वाट बघत होता. सकाळी उघडा बसला होतास, असं म्हणतील. चार माणसांत मान खाली घालायला लावलीस, असं म्हणतील.

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं, आणि गिऱ्हाइकापुढं लुगडं धरावं तसं दोन्ही हातांनी दारात आडवं धरलं.

"जा आत," ते म्हणाले.

आता कुणालाच काही दिसत नव्हतं, आप्पांनाही नाही. बसवेश्वरनं सदरा काढला. पोरगी हुंदके देतच छातीवर आली आणि बघता बघता शांत झाली. तिनं मनात काही ठेवलं नव्हतं. मघाशी ज्यानं तिला टेबलावर सोडलं, त्याच्याच अंगाला ती चिकटली, आणि हे त्याला आप्पांनी दिल्या असत्या त्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं. सिस्टरनं दुसरी टाच हातात घेतली.

उपरण्याच्या काठावर आप्पांची बोटं दिसत होती. काठ खाली घसरला की ती तो पुन्हा वर उचलत होती.

"आप्पा, खाली घ्या ते. हात दुखतील."

"राहू दे."

"मला चालतंय, आप्पा. बघू दे कुणाला बघायचं ते."

"राहू दे म्हणलं ना."

मग पलीकडून आवाज आला, "टोचायचं राहिलंय का अजून?"

"टोचलं, आप्पा."

"कवा?"

"आत्ताच."

"रडली न्हाई."

"न्हाई."

"मग मघाशी..." आप्पा थांबले.

"मघाशी मी तुमाला लाजलो," बसवेश्वर म्हणाला. "तिला दुखंल, हे मला ठाऊक होतं."

उपरणं हळूहळू खाली आलं. बाप उघड्या अंगानं बसलेला आणि लेक त्याच्या छातीवर झोपलेली. पण आप्पा दोघांकडंही बघत नव्हते. त्यांनी उपरण्याची घडी घातली, मग त्या घडीची घडी.

"योग्याचं पोर ओट्यावरून पडलं तवा मी गादीवरच होतो," ते म्हणाले. "मला तर उचलायला कुणाची आडकाठी न्हवती."

बसवेश्वरनं दुपटं पोरीच्या खांद्यावर ओढून घेतलं.

"योग्या हलतो का, ते बघत बसलो," आप्पा म्हणाले. उपरण्याची आता आणखी घडी होत नव्हती, तरी ते ती घालत होते.