उचलण्यापुरतं बळ

"हे किती दिवस घेताय?" पावडरीचा डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचत डॉक्टरांनी विचारलं.

"अकरा दिवस," आपोलिना म्हणाली. "रक्त नवव्या दिवसापासून जातंय."

मालवणहून गोव्यापर्यंत तो डबा तिने पिशवीत घालून पायांशी धरून आणला होता. बसचा प्रवास असला की ती आदल्या दुपारनंतर काही खात नसे. मोठ्या आतड्याला आतून जखमा होण्याचा हा आजार तिला आठ वर्षं होता आणि वाटेत बस कुठे कुठे थांबते, कुठल्या स्टँडवरचा संडास वापरण्याजोगा आहे, हे तिला कंडक्टरपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"कोणी दिला?"

"जिमच्या सरांनी. त्यांचा दोष नाही. मी त्यांना आजार सांगितलाच नव्हता."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एकदम जिम कशाला?"

"नवऱ्याला उचलायचंय," ती म्हणाली.

तिचा नवरा प्लासिद मालवण बंदरात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली आणि बोलणं तुटक झालं. तेव्हापासून खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत खाटेवर, असं दिवसातून सहा-सात वेळा आपोलिनाच त्याला हलवत होती. उरलेल्या वेळात घरीच कपडे शिवायची. गेल्या हिवाळ्यात तिचा आजार उसळला, तेव्हा तीन महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. रक्त थांबलं, पण मांड्या आणि दंड वितळल्यासारखे झाले. पायरी चढताना भिंतीला हात लागू लागला.

जूनमध्ये एका सकाळी न्हाणीघराच्या दारात तिचे गुडघे दुमडले. प्लासिद तिच्या अंगावर पडला. त्याच्या खालून तिला निघता येईना आणि त्याला बाजूला होता येईना. शेजारची सलमा मासे घेऊन आली, तोवर दोघं तासभर ओल्या लादीवर तशीच होती. त्या तासात प्लासिद एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. "सॉरी."

त्याच आठवड्यात प्लासिदचा धाकटा भाऊ सॅविओ म्हापशाहून आला. तो वाईट माणूस नव्हता. ओट्यावर बसून त्याने शांतपणे सांगितलं, "वयनी, आमच्याकडे सिस्टरांचो आश्रम आसा. थंय दोन माणसा मिळान तेका उचलतत. तुज्यान आता जमाचा नाय."

"माका नाताळापर्यंत वेळ दी," आपोलिना म्हणाली.

म्हणून ती जिममध्ये गेली. सकाळी दहा ते अकरा बायकांची वेळ. ट्रेनर सर्वेश तिच्याहून वीस वर्षांनी लहान होता. अंगात ताकद नाही एवढंच तिने सांगितलं आणि त्याने मांडणीवरचा सर्वांत मोठा डबा काढून दिला. चॉकलेटच्या चवीची पावडर होती. दुधातून दोन चमचे, दिवसातून दोनदा.

आता डॉक्टर त्याच डब्याच्या पाठीवर पेन टेकवत होते. "यात दुधाची साखर आहे, वर गोडीसाठी दोन-तीन रसायनं आहेत, आणि ही कसली तरी पाल्याची भुकटी. एवढी मोठी यादी असलेलं काहीही घेऊ नका. आतडं सुजलेलं असताना वरून कितीही घातलं तरी अंगाला लागत नाही. आधी सूज उतरू दे. रक्त कमी आहे, लोह सलाइनमधून देतो. हाडांसाठी ड जीवनसत्त्व. मग अंडी, मासे, मऊ भात. त्यानंतरही कमी पडलं, तर बिनचवीची, साधी, दुधाची साखर काढलेली पावडर, अर्ध्या चमच्यापासून. पोटाने ऐकलं तरच पुढे."

"नाताळापर्यंत होईल?"

"तारीख मी देऊ शकत नाही. आतडं तारखा पाळत नाही."

डबा तिने तिथेच ठेवला. येताना पिशवी हलकी होती.

सप्टेंबरात रक्त थांबलं. कुडाळला व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या, दिव्या नावाच्या. त्यांनी आपोलिनाला स्टुलावर बसवलं आणि हात न टेकता उठायला सांगितलं. ती उठू शकली नाही. दिव्याबाईंनी स्टुलावर दोन उशा ठेवल्या. "आता उठा."

उशांवरून ती चार वेळा उठली. महिन्याभराने एक उशी गेली, मग दुसरी. घरी पाण्याने भरलेले कॅन ती दोन्ही हातांत धरून परसात फेऱ्या मारायची. सकाळी पेज आणि दोन अंडी, दुपारी तिखट न घालता शिजवलेला मोरी मासा. साध्या पावडरीचा अर्धा चमचा पोटाने ऐकला, पाऊण ऐकला, एकाला मात्र कळ आली, म्हणून ती पाऊणवरच थांबली. खाटेवरून प्लासिद हे सगळं बघत असायचा. एकदा ती स्टुलावरून उठत-बसत असताना तो मोजू लागला. आठच्या पुढे त्याची जीभ अडखळायची, म्हणून तो पुन्हा एकपासून सुरू करायचा.

दिव्याबाईंनी उचलण्याची रीतही शिकवली. त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकवायचे, बगलेखालून हात घालायचे, पाठ नाही वाकवायची, जोर मांड्यांतून काढायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आपोलिनाने प्लासिदला एका दमात खाटेवरून खुर्चीत बसवलं. पाय थरथरले नाहीत. ती म्हणाली, "मोटो झालंस तू. भात कमी करूक होयो."

तो तोंडाच्या उजव्या बाजूने हसला.

पंधरा दिवसांनी सकाळी तिला पुन्हा रक्त दिसलं. तिने काही चुकीचं खाल्लं नव्हतं, एक गोळी चुकवली नव्हती. आठवडाभर वाट पाहून तिने परसात जाऊन डॉक्टरांना फोन केला.

"स्टिरॉइड पुन्हा सुरू करावं लागेल," ते म्हणाले.

"मांड्या जातील?"

"थोड्या जातील. व्यायाम सोडू नका. पण आधी आतडं."

गोळ्यांचं पाकीट तिने शिवणाच्या डब्यात ठेवलं. घरात कोणाला सांगितलं नाही. दिवसातून आठ-दहा वेळा संडासात जाताना ती आतून नळ सोडून ठेवायची. प्लासिदला ती रोज उचलत होती आणि रोज गुडघ्यांकडे लक्ष ठेवून होती.

नाताळाच्या चार दिवस आधी सॅविओ आला. आपोलिनाने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "बघ." प्लासिदला तिने खाटेवरून उचललं, खुर्चीत बसवलं, न्हाणीघरापर्यंत नेलं, परत आणून खाटेवर निजवलं. श्वास जरा वाढला होता, बाकी काही नाही.

सॅविओने कप खाली ठेवला. "मी काय बोलाचंय नाय आता. रवांदे तेका हंयच."

"ना," प्लासिद म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. तो शब्द जुळवत होता.

"तोंड... गोल झाला तुजा," तो आपोलिनाला म्हणाला. "गेल्या... वर्षासारख्या."

त्या गोळ्यांनी चेहरा सुजतो. गेल्या हिवाळ्यात आरशात तिला स्वतःची ओळख पटत नव्हती. त्याला मात्र दिवसभर बघायला दुसरं काही नव्हतं.

"ता जायत," ती म्हणाली. "महिनो-दोन महिने."

"मगे... पाय जातले." तो थांबला, थुंकी गिळली. "तू पडलंस तर... तुका कोण उचलतलो?"

"सलमा आसा."

"ना गो." त्याने उजवा हात तिच्या मनगटावर ठेवला. "नाताळ करूया. मगे माका धाड."

ती त्याच्याशी दोन दिवस भांडली, मग एक दिवस बोललीच नाही. नाताळाच्या सकाळी तिने त्याला इस्त्रीचा शर्ट घातला आणि चर्चमध्ये मिस्सेला जाऊन परत आल्यावर त्याला विचारलं, "खरोच जातलंस?" त्याने मान हलवली.

दोन जानेवारीला सॅविओची गाडी आली. वाटेत तिला तीनदा थांबावं लागलं. सॅविओने एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

आश्रमाच्या दारात दोन तरुण सेवक चाकांची खुर्ची घेऊन आले. "बाई, तुमी बाजूक रावा," एक जण म्हणाला आणि प्लासिदचा डावा हात धरून ओढू लागला. प्लासिदने डोळे मिटले.

"तो हात ओढू नका," आपोलिना म्हणाली. "खांदो दुखता तेचो. बघा, असा." तिने गाडीत वाकून त्याचे पाय बाहेर घेतले, त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरले, बगलेखालून हात घातले. त्याने हनुवटी तिच्या खांद्यावर ठेवली. ती सरळ उभी राहिली, अर्धं वळली आणि त्याला खुर्चीत बसवलं. त्याची कॉलर नीट केली, डावं पाऊल उचलून खुर्चीच्या पायपट्टीवर ठेवलं.

"बळ आसा हां तुमका," तो सेवक म्हणाला.

"आता आसा," ती म्हणाली.

मग ती बाजूला उभ्या असलेल्या सिस्टरकडे वळली, संडास कुठे आहे ते हळू आवाजात विचारलं, आणि त्यांनी दाखवलेल्या दाराकडे, घाई दिसू न देता, चालत गेली.