काळ्या वायरीच्या बाजूला

वेदवती म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागातल्या एका कारखान्यात टेस्टिंग विभागात इंजिनिअर होती. टेलिफोनच्या यंत्रांना लागणारे सर्किट बोर्ड तिथे बनत, आणि ते तपासायला कपाटाएवढा एक टेस्टर होता. १९८४च्या पावसाळ्यात तो बिघडला, तो बनवणाऱ्या पुण्याच्या कंपनीकडे गेला आणि दिवाळीच्या सुमारास दुरुस्त होऊन, वर नवा करडा रंग लावून परत आला. आल्यापासून मात्र चांगले बोर्डही तो नापास करू लागला. म्हणून कंपनीनं श्रीरंग घारपुरे नावाचा आपला माणूस पाठवला.

पहिल्याच दिवशी त्यानं टेस्टरचं मागचं दार काढलं आणि विचारलं, "नेमकं काय होतं, सांगाल का?"

वेदवती प्रश्नाऐवजी त्याची भाषाच ऐकत राहिली. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी होती, पण ती कन्नडात भिजलेली. इतकी सरळ, कोरडी, झरझर वाहणारी मराठी आपल्याशी कुणी बोलतंय, याची तिला सवय नव्हती.

"बोर्ड लावल्याशिवाय सगळं बरोबर असतंय," ती म्हणाली. "बोर्ड लावून करंट वाढला की तो लाल दिवा लागतो. व्होल्टेज कमी पडलं म्हणून. पण मीटर लावून बघितलं तर पाच व्होल्ट. जरासुद्धा कमी नाही, नोडी."

"नोडी?"

"म्हणजे... बघा." ती लाजली. तो हसला नाही. "नोडी," त्यानं पुन्हा म्हणून पाहिलं.

मीटरची काळी पिन त्यानं पॉवर सप्लायच्या मायनसला चिमट्यानं अडकवली आणि लाल पिन हातात घेऊन प्लसच्या वाटेवरचा एकेक जोड तपासला. सप्लायपाशी पाच, फ्यूजच्या पुढं पाच, थेट बोर्डापाशी पाच. आणि टेस्टरच्या पुढच्या बाजूचा दिवा लालच.

"मीटर खरं की दिवा खरा?" तो म्हणाला.

त्यानं दिव्यावर संशय घेतला. दिवा चालवणारं कार्ड पुण्याहून रेल्वे पार्सलनं मागवलं. ते यायला आठवडा गेला. बदललं, तरी दिवा लागलाच. मग त्यानं सप्लायमधले ट्रान्झिस्टर बदलले. पुन्हा वाट, पुन्हा पार्सल.

त्या वाट बघण्याच्या दिवसांत दोघं टेस्टरशेजारच्या बाकावर डबा खात. म्हणजे डबा वेदवतीचा, आणि त्याच्याकडे लॉजवाल्यानं बांधून दिलेली इडली. तो मुठेच्या पुराच्या, आपल्या गल्लीतल्या भांडखोर शेजारणीच्या गोष्टी सांगे. एखादा शब्द तिला कळत नसे; ती विचारत नसे, घरी जाताना बसमध्ये तो मनात घोळवत राही. घरी आई म्हणाली, "काय ग, हल्ली पुणेकरणीसारखी बोलाय लागलीस!" तेव्हा तिचे कान तापले. सुट्टीच्या दिवशी सकाळी जाग आली की आज कारखाना नाही, या विचारानं तिला आधी वाईट वाटे. असं तिला पूर्वी कधी झालं नव्हतं.

एका शनिवारी दुपारी घारपुरे पार्सल आलं का बघायला स्टेशनवर गेला होता. वेदवती एकटीच होती. टेस्टर बोर्ड लावून, लोडवर चालू होता. पडलेला स्क्रू उचलायला ती मागून आत वाकली आणि तोल सावरताना तिचा हात खालच्या तांब्याच्या पट्टीवर पडला. सगळ्या काळ्या वायरी तिथे एकत्र येत. पट्टी गार होती, पण टोकाचा एक बोल्ट चांगलाच गरम लागला.

ती तशीच थांबली. मग तिनं काळ्या पिनेचा चिमटा सप्लायवरून काढला आणि बोर्डाच्या मायनसला लावला. लाल पिन बोर्डाच्या प्लसला टेकवली. मीटरवर चार पूर्णांक चार आले.

दिवा खरा होता. ते दोघं इतके दिवस फक्त करंटच्या जाण्याची वाट तपासत होते. तूट परतीच्या वाटेवर होती. दुरुस्तीत पट्टीसुद्धा रंगवली गेली होती आणि जाड काळी वायर त्या रंगावरच आवळली होती. लोड नसताना फरक पडत नव्हता. करंट वाढला की तो सगळा बोल्टाच्या आट्यांतून वाट काढायचा आणि अर्ध्या व्होल्टाहून जास्त तिथेच गमावायचा.

पॉलिश पेपर घेऊन दहा मिनिटांचं काम. आणि मग घारपुरे रात्रीच्या गाडीनं पुण्याला.

वेदवतीनं चिमटा काढला आणि पुन्हा पहिल्या जागी लावला.

घारपुरे परत आला. "पार्सल नाही आलं. तुम्हाला काही सापडलं?"

"नाही," ती म्हणाली.

रविवारी आईनं त्याला जेवायला बोलावलं होतं. वेदवतीनं सकाळपासून दोनदा साडी बदलली. वडील पद्मनाभराव त्याच्याशी पुण्याच्या हवेबद्दल बोलत होते. आई तुंगाबाई डाळ-भाजीची हुळी वाढता वाढता म्हणाली, "आणि थोडी हुळी घ्या की. लाजू नका. घरी कोण कोण असतंय तुमच्या?"

"आई आणि धाकटा भाऊ."

"आणि लग्नाचं?"

त्याचा हात पानावर थांबला. त्यानं वेदवतीकडे पाहिलं नाही. "ठरलंय. माघात आहे."

"अय्यो, छान झालं की!" आई म्हणाली, पण तिच्या हातातली पळी जरा वेळ तशीच राहिली. वेदवती पाणी आणायला आत गेली आणि तांब्या भरून वाहू लागला तरी नळापाशी उभी राहिली.

सोमवारी तो येऊन बसतो न बसतो तोच ती म्हणाली, "काळी पिन बोर्डापाशी लावून बघा."

त्यानं लावली. आकडा बघून त्यानं पाना उचलला. दोघांनी मिळून वायर सोडवली. तिनं पट्टीवरचा रंग खरवडला, तांबं उजळ होईपर्यंत घासलं. त्यानं बोल्ट आवळला. पूर्ण लोडवरही आकडा पाचाहून किंचितच कमी. दिवा लागला नाही. बोर्ड एकामागून एक पास होऊ लागले, आणि साहेबांनी येऊन त्याचा हात हातात घेतला.

संध्याकाळी आईनं चटणीपुडीचं पुडकं बांधून दिलं. "स्टेशनवर देऊन ये. घरच्यासारखा जेवला तो."

तो प्लॅटफॉर्मवर बॅगेशेजारी उभा होता. पुडकं घेऊन म्हणाला, "तुम्हाला एक सांगायचंय. तो बोल्ट गरम होतो, हे मला गुरुवारीच कळलं होतं."

"आणि शनिवारचं पार्सल?"

"मी काही मागवलंच नव्हतं."

गाडीत माणसं चढत होती. वेदवतीला हसू आलं. "मलाही शनिवारीच कळलं होतं," ती म्हणाली. "मग काल लग्नाचं का सांगितलंत?"

"तुमच्या आईंनी सरळ विचारलं. त्यांच्या पानावर बसून खोटं बोलता येईना." त्यानं पुडकं बॅगेत ठेवलं. "तुम्ही आज सांगितलं नसतंत, तर मी आणखी चार दिवस काढले असते."

"म्हणून सांगितलं," ती म्हणाली.

गाडी हलली. तो दारात उभा राहिला. दोघांपैकी कुणी हात हलवला नाही. शेवटचा डबा सिग्नलपलीकडे गेल्यावरही ती तिथेच होती. हमाल, चहावाला, झाडूवाली सगळे तिच्या बाजूनं जात राहिले.

टेस्टर त्यानंतर कितीतरी वर्षं नीट चालला. वेदवती त्या विभागाची प्रमुख झाली. पुण्याहून पुन्हा कुणाला बोलवायची गरज पडली नाही, आणि काही सकाळी तिला वाटे, पडावी.

पण त्याच्या आधी, घारपुरे गेल्यानंतरच्या पहिल्याच वैशाखात नंजनगूडच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणा आली. मुलगा बँकेत होता. आई भीत भीत म्हणाली, "बघायला येऊ देत का?"

वेदवतीनं दारातल्या रांगोळीची एक पुसट रेघ पुन्हा ओढली. मग म्हणाली, "येऊ देत. पण या रविवारी नको, आई. आणखी एक आठवडा जाऊ दे. पुढच्या."