पहिल्या ओळीची मालकी

कात्रीला सरांचा तिटकारा होता, आणि तो लपवायची तसदी ती घेत नसे. कात्री हे तिचं विद्यार्थ्यांनी ठेवलेलं नाव. कुणाचीही सिद्धता हातात पडली की ही कापायलाच बसायची. सर म्हणजे तिचे पीएचडीचे मार्गदर्शक. परिषदेत पुढच्या रांगेत त्यांचं टक्कल दिसलं तरी हिच्या कपाळाला आठी पडायची.

कारणही तसंच होतं. दोघांचा विषय एकच, गुप्त निरोपांची कुलपं. निरोपात मुद्दाम चुका मिसळून तो पाठवायचा, आणि आतली गुप्त रचना ज्याला ठाऊक त्यालाच त्या चुका काढता याव्यात. कुलूप भक्कम, पण निरोप बंद करायला सगळ्यांना वाटायची त्याची जाहीर किल्ली म्हणजे आकड्यांचा अवाढव्य तक्ता. तो पाठवता पाठवता यंत्रं मेटाकुटीला यायची. विद्यार्थिनी असताना कात्रीने सुचवलं, तक्त्याची पहिली ओळ तेवढी ठेवावी आणि तीच फिरवून बाकीच्या ओळी बनवाव्यात.

"बालिश आहे," सर म्हणाले. "प्रबंधातून काढून टाक."

तिने मुकाट्याने काढलं. पुढे तीच कल्पना सरांच्या एकट्याच्या नावाने छापून आली. आभारातही हिचा पत्ता नव्हता. जाब विचारायला गेली तर सरांनी चहा मागवला.

"अगं, कल्पना काय, हवेतच असतात. पकडेल त्याच्या!"

माणूस असा निर्लज्ज की चहात साखर किती हेही त्यांनी वर विचारलं.

त्या एका ओळीवर सर विभागप्रमुख झाले, मग संचालक. आता सरकारी कारभारासाठी नवं कुलूप निवडायची खुली स्पर्धा लागली होती आणि सरांची पद्धत शेवटच्या फेरीत पोचली होती. स्पर्धेत एकमेकांची कुलपं फोडायला सगळ्यांनाच मुभा असते. रीत मात्र अशी, की भोक सापडलं तर आधी कर्त्याला खाजगीत कळवायचं.

कात्रीला भोक केव्हाच सापडलं होतं. ओळ फिरवली की आतली गुप्त रचनाही तिच्याबरोबर फिरते, आणि त्या फिरण्याच्या खुणा जाहीर ओळीत राहतात. त्या धरून मागे गेलं की निरोप उघडणारी गुप्त किल्ली हातात. पण तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. सर आणखी वर चढू देत, मग पडल्याचा आवाजही मोठा होईल. कोतेपणा म्हणाल तर होताच, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

"किती दिवस त्या माणसाला डोक्यावर घेऊन फिरणार आहेस?" नवरा वैतागून म्हणाला.

"तो खाली आपटेपर्यंत."

शेवटच्या फेरीत सरांचं भाषण संपलं तशी ती उठली.

"सर, आत्ता इथेच नवी किल्ली बनवता? जाहीर भाग पडद्यावर टाका."

सरांनी हसत टाकला. तिने तो आपल्या लॅपटॉपवर घेतला आणि प्रोग्राम चालू केला. सर कुणाच्या तरी शंकेला ऐटीत उत्तर देत होते, ते संपायच्या आत गुप्त किल्ली तिच्या हातात आली. तिने ती मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सरांनी आपल्या यंत्रात डोकावून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

पण मुरलेला माणूस. घोटभर पाणी पिऊन ते माइकपाशी आले.

"एक सांगायलाच हवं. ओळ फिरवायची ही कल्पना मुळात या बाईंचीच. विद्यार्थिनीच्या उत्साहापुढे माझं चाललं नाही. दोष कुणाचा, ते तुम्हीच ठरवा."

सभागृहात कुजबुज झाली. इतकी वर्षं जे ऐकायला कात्रीचे कान आसुसले होते, ते सरांनी आज दिलं, तेही शेण लावून. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. नाही म्हणावं, तर ती ओळ कायमची त्यांची. हो म्हणावं, तर भोकही हिच्याच पदरात.

"हे खरं आहे का?" निवड समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अगदी खरं," कात्री म्हणाली. "रचना माझी, त्यातली चूक माझी, आणि ती फोडलीही मीच. मग इतकी वर्षं स्वतःच्या एकट्याच्या नावावर सर काय मिरवत होते, ते जरा त्यांनाच विचारा."

अध्यक्षबाई सरांकडे वळल्या. सर घाईघाईने आपले कागद गोळा करू लागले. पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिदीफिदी हसलं.

बाहेर आल्यावर तिने नवऱ्याला फोन लावला.

"झालं मनासारखं?"

"झालं. आडवा केला त्याला." मग ती पायरीवर बसली. "आयुष्यात तेवढी एकच चांगली गोष्ट सुचली होती रे मला."

आणि ती भर जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, हमसून हमसून रडायला लागली.